“घरचंच आहे, काही होत नाही” : झरी जामणीत प्राणी पाळण्याआधी

मागच्या पावसाळ्यात एक आई सहा वर्षांच्या मुलीला ताप आला म्हणून दवाखान्यात घेऊन आली. मुलीला तपासलं, साधा व्हायरल ताप होता. चिठ्ठी लिहिताना सोबत आलेल्या मोठ्या भावाकडे लक्ष गेलं. नऊ-दहा वर्षांचा पोरगा, उजव्या अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली. काय झालं म्हणून विचारलं.

“काही नाही जी डॉक्टरसाहेब, पिल्लानं दात लावला. घरचंच हाय.”

चिंधी सोडली. आत हळद आणि तिखट यांचा लगदा, त्याखाली दाताच्या दोन खुणा, एकीतून रक्त येऊन सुकलेलं. पाच दिवस झाले होते. पिल्लू केवढं आहे, विचारलं. दोन महिन्यांचं. आता कुठे आहे?

“मेलं जी परवा. खातच नव्हतं. नुसती लाळ गाळे.”

पुढचा अर्धा तास मुलीचा ताप बाजूलाच राहिला. पोराचा हात साबण लावून वाहत्या पाण्याखाली धरला, लसीचा पहिला डोस दिला आणि त्याला त्याच दिवशी सीरम असलेल्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. त्याचे सगळे डोस झाले, पोरगा ठणठणीत आहे. पिल्लाला रेबीज होता का, हे आता कधीच कळणार नाही, कारण ते वावराच्या धुऱ्यावर पुरलं गेलं. पण लाळ गाळत मेलेलं, लस नसलेलं पिल्लू आणि रक्त आलेली जखम एवढं समोर असताना डॉक्टरला “होता” असंच धरून चालावं लागतं. आणि हे सगळं कळलं ते बहिणीला ताप आला म्हणून. ताप आला नसता तर पोराला कोणी दाखवलंही नसतं.

माझं भांडण त्या आईशी नाही. तिच्या एका वाक्याशी आहे. ते वाक्य मी दर आठवड्याला ऐकतो. शिक्षकाकडून, दुकानदाराकडून, आणि वाईट वाटतं सांगायला, पण आमच्याच व्यवसायातल्या लोकांकडूनही. घरचंच आहे, काही होत नाही.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांबद्दल आदेश दिला, अकरा दिवसांत तो बदलला, आणि सगळा देश भटक्या कुत्र्यांवर भांडू लागला. आपल्याकडेही पानठेल्यावर तेच. भांडणाऱ्या माणसाच्या पायाशी त्याचं स्वतःचं कुत्रं बसलेलं असायचं. त्याला लस दिली का, विचारलं की उत्तर ठरलेलं: “ह्याले कायची लस? हा घरचा हाय.” रेबीजचा विषाणू कुत्र्याच्या गळ्यात पट्टा आहे का ते बघत नाही. लस घेतलेलं कुत्रं आणि लस न घेतलेलं कुत्रं, त्याच्या लेखी कुत्र्यांच्या एवढ्याच दोन जाती.

शहरातल्या मासिकांत घरात पाळायच्या प्राण्यांवर लेख येतात. कोणती जात फ्लॅटला चांगली, कोणाचे केस कमी गळतात, कोणतं मांजर शांत. हे लेख पुण्या-मुंबईच्या बंद दाराच्या घरासाठी लिहिलेले असतात. तिथला प्राणी खरंच घरात राहतो. झरी, मुकुटबन, पाटण, माथार्जुन, शिबला, नाहीतर एखाद्या कोलाम पोडावरचं घर डोळ्यांसमोर आणा. दार दिवसभर उघडं. कुत्रं सकाळी शेळ्यांमागे किंवा वावरात जातं, दुपारी गावातल्या चार कुत्र्यांशी भांडतं, रात्री ओसरीवर किंवा पोरांच्या अंथरुणाच्या पायथ्याशी झोपतं. मांजर तर दोन-तीन घरांचं मिळून एक असतं. म्हणजे आपल्याकडचा घरातला प्राणी अर्धा दिवस भटकाच असतो. त्यात वाईट काही नाही, आपलं जगणंच तसं मोकळं आहे. पण मग प्राणी निवडताना पहिला प्रश्न जातीचा किंवा रंगाचा नसतो. पहिला प्रश्न असा की याला लस मिळते का, आणि ती द्यायला दरवर्षी कोण नेणार?

रेबीजबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण बाकी सगळं यावर उभं आहे. विषाणू जनावराच्या लाळेत असतो. चावा, ओरखडा, किंवा जखमेवर, डोळ्यांत, तोंडात लागलेली लाळ, यातून तो आत शिरतो आणि नसांमधून हळूहळू मेंदूकडे सरकतो. या प्रवासाला साधारण एक ते तीन महिने लागतात, कधी आठवडाभर, कधी वर्षही. याच वेळात लस आणि सीरम काम करतात. एकदा पाण्याची भीती, वाऱ्याची भीती, बडबड, झटके सुरू झाले की जगात कुठेही, कितीही पैसे घालून, जवळजवळ कोणीच वाचत नाही. डॉक्टर म्हणून मी ज्या आजारांपुढे हात टेकतो त्यांत हा पहिला. आणि वेळेवर आलात तर जवळजवळ शंभर टक्के टळणारा आजारही हाच. जागतिक आरोग्य संघटना सांगते की संशयित जनावर चावलेल्यांत सुमारे ४० टक्के मुलं पंधरा वर्षांच्या आतली असतात. मुलं कुत्र्याच्या तोंडाशी तोंड नेतात, ओरखडा लपवतात, आणि मार बसेल म्हणून सांगत नाहीत.

पिल्लाचा धोका कोणाच्या लक्षातच येत नाही. पिल्लू गोड असतं आणि त्याचे दात सुईसारखे असतात. आपण ते आणतो महिना-सव्वा महिन्याचं, “लहानपणी आणलं की लळा लागतो” म्हणून. पण रेबीजची लस पिल्लाला साधारण तीन महिन्यांनी देतात, आणि तिचा परिणाम दिसायला पुढे काही आठवडे जातात. म्हणजे ज्या काळात ते पोरांच्या मांडीवर सर्वांत जास्त असतं, पायाच्या बोटांना चावत असतं, नेमक्या त्याच काळात त्याच्याकडे काही संरक्षण नसतं. शिवाय आईपासून लवकर तोडलेलं पिल्लू भावंडांशी खेळत खेळत चावा आवरायला शिकत नाही. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू उचलूच नका. लस घेतलेल्या आईचं, तीन महिन्यांचं पिल्लू मिळत असेल तर त्यासारखं दुसरं नाही. लळा तीन महिन्यांनीही लागतो. माझ्या स्वतःच्या घरातलं कुत्रं आठ महिन्यांचं असताना आलं, आज ते माझ्या बायकोशिवाय कोणाचं ऐकत नाही.

चावलंच तर काय करायचं, हे इथे पुन्हा लिहितो, कारण दर वेळी जखमेत वेगळा मसाला सापडतो. हळद, तिखट, चुना, तेल, तंबाखू, डिझेल. यातलं काही लावू नका. साबण आणि वाहतं पाणी, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. साबण विषाणूचं आवरण फोडतो, म्हणून हे धुणं म्हणजे अर्धं औषध आहे. जखम बांधू नका, घाईने टाके घालून घेऊ नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा, लस फुकट मिळते. कातडीत देतात तेव्हा पहिला दिवस, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा. दंडात स्नायूत देतात तेव्हा चौदाव्या दिवसाचाही एक डोस असतो. रक्त आलं असेल तर जखमेत सीरम भरावं लागतं, शक्यतो पहिल्या डोसबरोबरच आणि फार उशीर झाला तर पहिल्या डोसपासून सात दिवसांच्या आत. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती सोडा, ती बंद होऊन वीस वर्षं झाली. एवढंच नाही, आठवडाभर उशीर झाला म्हणून लाजून घरी बसू नका. उशिरा आलात तरी लस सुरू करायचीच असते.

“कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवू, मग बघू” असं सांगणारे गावोगाव आहेत. दहा दिवसांची नजर खरी, पण ती लस सुरू केल्यानंतर. कुत्र्या-मांजराच्या लाळेत विषाणू येतो तो त्याला लक्षणं दिसण्याआधी थोडेच दिवस. म्हणून चावल्यानंतर दहा दिवस ते धडधाकट जगलं तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं म्हणता येतं, आणि मग पुढच्या डोसांचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतात. नजर ठेवत बसायचं आणि लस घ्यायची नाही, हा जुगार आहे, आणि डावावर पोरगं असतं.

आता मांजर. माझ्या मते आपल्या भागातल्या घराला मांजर कुत्र्याइतकंच शोभतं, कधी जास्तच. धान्याच्या पोत्यांमागे उंदीर, उंदरामागे साप, हे आपल्याला सांगायला नको. भाव वाढेल या आशेनं घरात कापूस साठवलेला असतो, त्यात उंदीर बिळं करतात, पिसवा होतात, पोरांच्या अंगाला खाज सुटते. चांगलं मांजर या घरात पगार न घेणारा राखणदार आहे. पण त्यालाही रेबीजची लस लागते. हे ऐकून माणसं हसतात. मांजराला रेबीज? होतो. मांजराचा चावा बारीक आणि खोल असतो, वरून काही दिसत नाही, आणि दुसऱ्या दिवशी बोट टमाट्यासारखं सुजतं. ते वेगळं, जंतूंचं इन्फेक्शन. त्यासाठी अँटिबायोटिक लागतं.

इथे मला माझ्याच व्यवसायातल्या काही मंडळींशी भांडायचं आहे. घरात सून गरोदर राहिली की सांगतात, मांजर हाकला. कारण टोक्सोप्लाझ्मोसिस. आजार खरा आहे, गर्भाला त्याने इजा होऊ शकते, हेही खरं. पण तो मांजराला कुरवाळल्याने होत नाही. तो मांजराच्या विष्ठेतून होतो, आणि विष्ठेतली अंडी लागण करण्याजोगी व्हायला एक ते पाच दिवस लागतात. रोज साफ केलेली जागा, तीही घरातल्या दुसऱ्या माणसाने, म्हणजे तो धोका बहुतेक संपला. त्याहून मोठा रस्ता अर्धकच्च्या मटणाचा आणि मातीचा. वावरात निंदण करून आलेली बाई हात न धुता भाकर खाते, त्याबद्दल कोणी एक शब्द बोलत नाही. मांजर हाकलायला सोपं असतं, कारण ते उत्तर देत नाही. आणि हाकललेलं मांजर शेजारी जातं, तिथेही कोणी गरोदर असते.

दम्याचं मात्र खरं आहे. मांजराची ॲलर्जी केसांमुळे होते असं लोक समजतात, म्हणून कमी केसांचं मांजर शोधतात, किंवा “हिची ॲलर्जी होत नाही” असं सांगून कोणी महाग मांजर विकतो. ॲलर्जी होते ती मांजराच्या लाळेतल्या आणि कातडीतल्या प्रथिनामुळे. ते चाटल्याने केसांवर पसरतं, हवेत उडतं, गोधड्यांत बसतं, आणि मांजर गेल्यावरही कित्येक महिने घरात राहतं. घरात कोणाला दमा असेल तर प्राणी आणण्याआधी त्या माणसाला असं कुत्रं किंवा मांजर असलेल्या घरी चार-पाच वेळा तासभर बसवून बघा. शिंका, डोळ्यांना खाज, छातीत घरघर सुरू झाली तर तुमचं उत्तर मिळालं. आणून मग सोडून देण्यापेक्षा हे बरं.

पोपटावर मात्र मी तडजोड करणार नाही. आमच्या भागात हिवाळा सरता सरता झाडांच्या ढोल्यांत पोपटांची पिल्लं असतात आणि पोरं झाडावर चढतात. मग पिंजरा, हिरवी मिरची, भिजवलेली डाळ, आणि “मिठू मिठू”. पिढ्यानपिढ्या चालत आलं आहे, त्यात कोणाला पाप वाटत नाही. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपला हा गळ्याला कंठ असलेला पोपट संरक्षित आहे. तो पकडणं, विकणं, पिंजऱ्यात ठेवणं, सगळं गुन्हा आहे, तुरुंग आणि दंड दोन्हींची तरतूद आहे. टिपेश्वर अभयारण्याच्या सावलीत राहणाऱ्या आपल्याला वन विभाग नवा नाही, तरी हा कायदा पोपटाला लागू आहे हे दहातल्या नऊ घरांना माहीत नसतं.

मला कायद्यापेक्षा छातीची काळजी आहे. बंद खोलीत पिंजरा असला की पिसांची धूळ आणि सुकलेली विष्ठा रोज श्वासात जाते. काही लोकांच्या फुप्फुसांना त्याची हळूहळू सूज येते, कोरडा खोकला आणि धाप लागते. टीबीची तपासणी होते, टीबी निघत नाही, दम्याचा पंप दिला जातो, फरक पडत नाही. मग कोणीतरी विचारतं, घरात पक्षी आहेत का? मुंबईत २०२५ मध्ये कबुतरखान्यांवरून वाद पेटला तो याच आजारामुळे. बराच काळ दुर्लक्ष झालं तर फुप्फुस कडक होतं आणि ते मागे वळत नाही. शिवाय पोपटांपासून माणसाला लागणारा एक न्यूमोनिया आहे, सिटॅकोसिस. १९२९-३० मध्ये दक्षिण अमेरिकेतून विकत आणलेल्या पोपटांमुळे तो युरोप-अमेरिकेत अनेक ठिकाणी एकदम पसरला होता. म्हणून खोकल्याच्या पेशंटला मी आता बिडी-सिगारेटच्या आधी पिंजऱ्याबद्दल विचारतो.

एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. मूल बोलत नाही, म्हणून पोपटाचा उष्टा पेरू किंवा उष्टी मिरची चारणारी घरं मी पाहिली आहेत. एक पोरगी सव्वातीन वर्षांची होती, एक शब्द बोलत नव्हती, आणि आजी दीड वर्षं उष्टा पेरू देत होती. तिला ऐकायलाच येत नव्हतं. मूल वर्षाचं झालं आणि नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, दीड-दोन वर्षांचं झालं आणि शब्द येत नसतील, तर पोपट नको, कान तपासा. ऐकण्याची अडचण जितक्या लवकर कळते तितकं मूल जास्त बोलतं. त्या आजीला मी रागावलो नाही. तिने प्रेमानेच केलं होतं. पण पोरीची दीड वर्षं गेली ती गेलीच.

आता विकत आणायच्या हौसेबद्दल थोडं. नागपूरकडून, कधी आदिलाबादकडून, लोक हस्की, सेंट बर्नार्ड, चपट्या नाकाचे पग घेऊन येतात. मे महिन्यात यवतमाळ जिल्ह्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, लाइट दुपारी जाते. बर्फात गाड्या ओढायला तयार केलेलं कुत्रं पत्र्याच्या घरात धापा टाकतं. पगला तर श्वासाची नळीच आखूड. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, जीभ बाहेर काढून धापा टाकूनच ते थंड होतं, आणि ज्याचं नाक दाबलेलं आहे ते तेवढंही करू शकत नाही. मी माणसांचा डॉक्टर आहे, पण उष्माघात मला कळतो. ज्या पैशात ते पिल्लू येतं त्यात गावठी कुत्र्याच्या आयुष्यभराच्या लसी, जंताचं औषध, गोचीडाचं औषध आणि नसबंदी होऊन पैसे उरतील. गावठी कुत्रं या उन्हात, या खाण्यावर, याच मातीत तयार झालं आहे. त्याला कोणी चांगलं म्हणत नाही, कारण ते फुकट मिळतं.

ससा आणि गिनीपिग यांचंही उन्हाने तसंच होतं. कासव पैसा आणतं म्हणून काचेच्या भांड्यात लाल कानाची बारीक कासवं ठेवतात. त्यांच्या अंगावरून साल्मोनेलाचे जंतू मुलांच्या तोंडात जातात. अमेरिकेने १९७५ मध्येच चार इंचांहून लहान कवचाची कासवं विकायला याच कारणाने बंदी घातली. आणि चांदण्यांच्या नक्षीचं आपलं देशी कासव ठेवणं हा पोपटाहूनही मोठा गुन्हा आहे.

शेळीचं करडू पावसात घरात घेतात, पोरं त्याला मिठी मारून झोपतात. ते प्रेम मला मोडायचं नाही. फक्त शेळीचं बाळंतपण उघड्या हाताने करू नका, वार हाताळायला हातमोजे घाला, नसतील तर जाड प्लास्टिकची पिशवी हातावर चढवा, आणि दूध उकळल्याशिवाय पिऊ नका. ब्रुसेलोसिसचा ताप महिनोन् महिने येतो-जातो, सांधे धरतात, आणि माणूस टायफॉइड-टायफॉइड म्हणत दवाखाने बदलत राहतो. तुमचं घर शेळ्यांचं असेल तर लांबलेल्या तापात डॉक्टरला ते आपणहून सांगा.

मुलांना काहीतरी हवंच आहे आणि लसीची, दवाखान्याच्या फेऱ्यांची तयारी नाही, अशा घरांना मी गप्पी मासे सुचवतो. हसू नका. प्राथमिक आरोग्य केंद्राकडे विचारा, हिवताप विभाग हे मासे डासांसाठी पाळतो. गप्पीला खायला डासांची अळी लागते, पिल्लं ती स्वतः घालते, आणि मुलांना रोज बघायला काहीतरी नवं मिळतं. वापराच्या पाण्याच्या सिमेंटच्या टाकीत सोडले तर डेंग्यूच्या डासाची पैदास कमी होते. फक्त नदीत, नाल्यात, तळ्यात सोडू नका, तिथले आपले मासे ते हटवतात.

मग कुत्रं पाळूच नका, असं म्हणतो का मी? नाही. वाघ-बिबट्याच्या भागात राहणाऱ्या, रात्री वावरात जागलीला जाणाऱ्या माणसाला कुत्रं हवंच. उन्हाळ्यात घर बंद करून कामाला बाहेरगावी जाणाऱ्या कुटुंबाने मात्र विचार करावा. मागे राहिलेलं कुत्रं पंधरा दिवसांत भटकं होतं, आणि मग आपणच भटक्या कुत्र्यांवर बोलतो. घरात पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर मोठं, शांत, लस घेतलेलं कुत्रं पिल्लापेक्षा बरं. लसीचा खर्च महिन्याच्या मोबाइल रिचार्जएवढा, वर्षातून एकदा. कुत्र्याला डिस्टेंपरची लसही द्या. ती माणसासाठी नाही. २०१८ मध्ये गीरमध्ये सिंह मेले त्यात कुत्र्यांना होणाऱ्या याच आजाराचा विषाणू सापडला होता. आपल्या गावकुत्र्यांच्या आणि टिपेश्वरच्या वाघांच्या मध्ये एक कुंपण तरी आहे का, ते तुम्हीच सांगा.

“लस द्यायला जनावरांच्या दवाखान्यात गेलो, तिथे लस नव्हती” ही तक्रार मी ऐकली आहे, आणि ती खोटी नाही. गायी-म्हशींच्या लसीची गाडी पोळ्याच्या आसपास गावात येते, कुत्र्यासाठी येत नाही. पण हे होऊ शकतं, आणि आपल्या शेजारी झालेलं आहे. गोव्यात २०१३ पासून मिशन रेबीज या संस्थेने सरकारबरोबर गावोगाव जाऊन, जाळी टाकून, कुत्र्यांना लसी दिल्या, पुढे दरवर्षी सुमारे लाखभर. २०२१ मध्ये गोवा सरकारने राज्य रेबीज-नियंत्रित झाल्याचं जाहीर केलं, तेव्हा सलग तीन वर्षं तिथे एकही माणूस रेबीजने गेला नव्हता. गावातल्या ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की विषाणूला पुढे जायला रस्ता उरत नाही, हे जगभर मान्य गणित आहे. केंद्र सरकारनेही २०३० पर्यंत कुत्र्यांपासून होणारा रेबीज संपवण्याचा आराखडा २०२१ मध्ये काढला आहे. तो आराखडा कपाटात राहील की आपल्या ग्रामसभेत येईल, हे ग्रामसभेत कोण विषय काढतो यावर आहे. विषय काढायला पदवी लागत नाही. २८ सप्टेंबर हा रेबीज दिन असतो. त्याच्या महिनाभर आधी सरपंचांना आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना अर्ज द्या: आमच्या गावात एवढी पाळलेली कुत्री-मांजरं आहेत, एक दिवस लसीकरण ठेवा. मोजणी शाळेतली पोरं एका दुपारी करतात. कुणाच्या कुत्र्याचं नाव काय, हेसुद्धा त्यांना पाठ असतं.

तो अंगठ्यावाला पोरगा शेवटच्या डोसाला आईसोबत आला. अठ्ठाविसावा दिवस, तोही तिने लक्षात ठेवून पाळला, वेचणी-निंदणीच्या दिवसांत मजुरी बुडवून. सुई टोचून झाल्यावर पोरगा दारातच थांबला. आईने त्याच्यासाठी विचारलं, “साहेब, याले दुसरं पिल्लू पाहिजे म्हनते. आनू का?”

आणा, म्हटलं. पण ज्या घरच्या कुत्रीला लस दिलेली आहे त्या घरचं, तीन महिन्यांचं झाल्यावर. आणि घरी न्यायच्या आधी जनावरांच्या दवाखान्यात न्या. तिथे लस नसेल तर मला सांगा, मी फोन करतो.

“अन् मांजर आनलं तं?”

तेच.